काठावर कुणी न्हाई

भारतला बायको-लेकरासकट जहाजावर नेणार म्हणून कंपनीचा फोन आला, त्या दिवशी द्वारकाची भाकरी तव्यावर करपली. दुसरी करपली ती भारतची बायको मोहिनी चाकाची नवी बॅग ओढत अंगणात आली तेव्हा. दोघींची सासू बायनाबाई ओसरीवरच्या बाजेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "द्वारके, आर थोडा कमी कर." चुलीत आर कमीच होता. पेटलं होतं ते दुसरीकडं, आणि ते म्हातारीलाही ठाऊक होतं.

बरं, बाईनं जळू नये तरी का, तुम्हीच सांगा. केजला हमरस्त्याला लागून पुढं दुकान, मागं घर. दुकान बी-बियाणं आणि खता-औषधांचं. सकाळी शटर वर करणार सुग्रीव, म्हणजे द्वारकाचा नवरा. ट्रकमधनं पोती उतरवून घेणार सुग्रीव, सोयाबीन उगवलं नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारही सुग्रीवच. पेरणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हा द्वारकाचं चहाचं पातेलं दिवसभर चुलीवरून खाली उतरायचं नाही. पण शेतकीची पदवी धाकट्या भारतची, म्हणून परवाना भारतच्या नावावर, आणि कंपनी ओळखते ती परवान्याला. माल दणकून खपला म्हणून कंपनीनं दुकानदारांची सहल काढली, मुंबईहून जहाजानं. तिकिटं आली परवान्यावरच्या नावाची. नवरा, बायको आणि एक लेकरू. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते ह्यालाच.

सुग्रीवला त्याचं काही नव्हतं. "जाऊ दे की," तो म्हणाला. "लहान भाऊ हाय. आपल्याला कुठं पाण्यात जायचंय?"

आपल्याला! द्वारकाला तो शब्दच झोंबला. कारण पाण्यात जायचं होतं ते तिलाच. तिचं माहेर आष्टीकडचं. तिथं पावसाची बोंब, पण गावाला एक मोठी बांधीव विहीर होती, आणि तिचे वडील धोंडीराम गावच्या पोरांना त्या विहिरीत पोहायला शिकवायचे. द्वारका दहा वर्षांची असताना वरच्या पायरीवरून सूर मारायची. आणि मोहिनी? अंबाजोगाईच्या नोकरदाराची लेक, आंघोळीला डोक्यावरून तांब्या घेतला तरी डोळे गच्च मिटणारी. जिला पाण्याचं भ्या ती पाण्यावर चालली, आणि जिला पाण्याचं वेड ती तूर निवडत बसली.

एवढं असतं तरी तिनं गिळलं असतं. पण त्यांच्याबरोबर आरोहीही चालली होती. मोहिनी शिकायला कॉलेजात जायची तेव्हा दोन वर्षं ही पोर द्वारकाच्याच कुशीत झोपली होती. आता पहिलीत गेली, तरी ताप आला की "मोठी आई" म्हणूनच रडायची. द्वारकाचा स्वतःचा मुलगा लातूरला शिकत होता. सुटीत आला की मोबाईलमध्ये मान घालून बसायचा. तिला येऊन बिलगणारं घरात हे एकच लेकरू, आणि तेही त्या दिवशी गाडीत चढताना मागं वळून बघायचं विसरलं.

प्रवासाला दशम्या आणि चिवडा द्वारकानंच करून दिला. चिवड्यात मीठ जरा सैल हातानं घालावं असं तिच्या मनात आलं होतं. घातलं नाही. पण आलं होतं, ते कशाला लपवा.

जहाज सुटलं त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. सुग्रीवनं मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला आणि तिघं समोर बसली. पडद्यावर मोहिनी काळा चष्मा लावून, केस मोकळे सोडून. हातात उंच गिलास, गिलासाच्या काठाला अननसाची फोड खोचलेली.

"आत्याबाई, हे बगा," तिनं मोबाईल फिरवला. "जहाजाच्या वर पोहायचा हौद."

निळंशार पाणी, भोवती पांढऱ्या खुर्च्या, खुर्च्यांत माणसं उताणी पडलेली. पाण्यात पोरांचा दंगा चाललेला. त्यातच आरोही होती, कमरेला पिवळी हवेची ट्यूब, ट्यूबीला बदकाची मान. ती हात हलवून काहीतरी ओरडत होती.

"जहाजाच्या टकुऱ्यावर पाणी?" सुग्रीव म्हणाला. "वजनानं बुडत न्हाई व्हय ते?"

मोहिनी खळखळून हसली आणि एकेक दाखवू लागली. हा माणूस टॉवेल देतो, हा सरबत देतो, हा ऊन फिरलं की खुर्ची फिरवून देतो. द्वारका सगळं बघत होती. एवढ्या माणसांत तिला एक माणूस दिसेना.

"मोहिनी, काठावर कोण बसलंय?" तिनं विचारलं.

"सगळेच बसलेत की, अक्का. खुर्च्या कशाला हायेत?"

"तसं न्हाई. पोरं पाण्यात हायेत, त्यांच्याकडं बगायला कोण ठेवलंय?"

भारतनं मोबाईल आपल्याकडं घेतला. "वैनी, इथं लाईफगार्ड नसतो. तशी पाटीच लावलीय, ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर पोहावं म्हणून. आन् पाणी काय, छातीइतकंच हाय."

"कुणाच्या छातीइतकं?" द्वारका म्हणाली.

मग मोहिनीचा आवाज आला, गोड, हसरा. "अक्कांना बाई जहाजात पण खोट सापडली." भारत हसला. बायनाबाई हसल्या. सुग्रीवनं द्वारकाच्या गुडघ्याला हळूच बोट लावलं, गप बस म्हणून.

आता ती बोलली त्यात खोटं काय होतं? तिच्या माहेरच्या विहिरीत काठावर माणूस बसल्याशिवाय एक पोर उतरायचं नाही. बसणाऱ्यानं पोहायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, बिडीसुद्धा ओढायची नाही. धोंडीराम सांगायचे, "जे वरडतंय त्याच्याकडं बगू नको, ते ठीक हाय. जे गप झालं त्याच्याकडं बग." विहिरीत आवाज घुमतो, वरून कितीही ओरडलं तरी खाली शब्द कळत नाही, म्हणून तिथं सगळं खुणांवर चालायचं. डोक्यावर हात ठेवला की वर या. पाठमोरं होऊन आपलीच पाठ थोपटली की मागं बघ, तुझ्या मागं कुणीतरी अडकलंय. पोहणं शिकून झाल्यावर धोंडीरामांनी आपल्या पोरीला त्या काठावर बसवलं होतं. लग्न होईपर्यंत ती जागा तिची होती.

म्हणजे बोलली ते खरंच होतं. पण बोलणाऱ्याचं तोंड जळकं असलं की त्यातून निघालेलं खरंही जळकंच वाटतं. आणि खरी गोम अशी की, आपण पोरीच्या काळजीनं बोललो की मोहिनीचं हसू उतरावं म्हणून, हे द्वारकालाही सांगता आलं नसतं.

जेवताना सुग्रीव म्हणाला, "तू इचारलंस ते बरोबर हाय. पण तू इचारायला नगं होतं."

"मी कावून नगं?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

तिनं त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

दुसऱ्या दिवशी बायनाबाईंनी तिला जवळ बोलावलं. म्हातारी तशी वाईट नव्हती, पण जे मनात आलं ते धुऊन-पुसून बोलायची तिला सवय नव्हती. "द्वारके, आज फोन आला तर तू म्होरं बसू नको. लेकराला दिष्ट लागती."

"माझी?"

"तुझा जीव हाय तिच्यावर, मला ठाव हाय. पण ह्या दोन दिसांत तुझं मन थाऱ्यावर न्हाई. अशा मनानं बघितलं की घरच्याची बी लागती."

द्वारकानं सूप उचललं आणि अंगणात तूर निवडायला जाऊन बसली. नऊ महिने पोटात वाढवलं नाही एवढाच काय तो फरक, बाकी त्या पोरीचं हगलं-मुतलं सगळं हिनं काढलं होतं. आणि आता हिनं बघायचं नाही. तिचा राग सासूवरून उडाला तो मोहिनीवर जाऊन बसला. मळमळू दे मेलीला, ती सुपाकडं बघत पुटपुटली. तो चष्मा पडू दे पाण्यात. व्हऊ दे कायतरी, तोंड पाडून तरी येईल घरी. देवाचं नाव तिनं घेतलं नव्हतं, नुसतं सुपात म्हणाली होती. पण म्हणाली होती.

दुपार कलायच्या सुमाराला पुन्हा कॉल आला. मोबाईल कालच्यासारखा बरणीला टेकवला. बायनाबाई बाजेवर, सुग्रीव गिऱ्हाईक तसंच सोडून आत आलेला. द्वारका सूप हातात धरून मागं चौकटीपाशी उभी राहिली. सांगितल्याप्रमाणं पुढं बसली नाही. पण जळणाऱ्या माणसाला बघितल्याशिवाय राहवतं व्हय?

ती बघू लागली, आणि कशी बघू लागली! मोहिनीच्या नखांना आज लाल रंग होता, तो बघितला. गिलासातलं सरबत कालच्याहून वेगळं होतं, ते बघितलं. खुर्चीवरचा टॉवेल, टॉवेलवर ठेवलेली नवी चप्पल, चपलेवरचे खडे. मोहिनी पाण्याकडं पाठ करून उभी होती, आज रात्री नाच आहे, उद्या सकाळी गोवा दिसणार आहे असं सांगत होती. बायनाबाई आणि सुग्रीव तिच्या तोंडाकडं बघत ऐकत होते. द्वारका तिचं काहीच ऐकत नव्हती. तुरीतला खडा शोधावा तशी ती त्या चित्रात खोट शोधत होती, मोहिनीच्या खांद्यावरून, कानाच्या बाजूनं, पार मागच्या पाण्यापर्यंत.

तिथं पिवळी ट्यूब तरंगत होती. बदकाची मान वर, आणि मधलं भोक रिकामं.

द्वारकाचे डोळे पाण्यावर फिरले. ओरडणारी पोरं तिनं सोडून दिली. एक गप्प होतं, ट्यूबीपासून हातभर लांब. मान मागं टाकलेली, केस तोंडावर आलेले, तोंड पाण्याच्या रेषेशी एकदा वर, एकदा खाली. हात शिडी चढल्यासारखे पाणी दाबत होते आणि शिडी काही लागत नव्हती. ती आरोही होती. तिच्या शेजारी दोन बाप्ये गिलास हातात घेऊन छातीभर पाण्यात हसत उभे होते.

सूप खाली पडलं. "मोहिनी, आरोही बुडायलीय, माघं बग!"

"अक्का, आवाज येईना," मोहिनी म्हणाली. "गाणी लावलीत इथं. काय म्हणताय?"

सुग्रीवनंही आता बघितलं, तोही ओरडू लागला. बायनाबाई "काय झालं, काय झालं" करू लागल्या. तिघांचे आवाज एकात एक मिसळले आणि पडद्यावरची मोहिनी कानाला हात लावून हसत राहिली. तेव्हा द्वारकाला कळलं, ही विहीरच आहे. हिच्यात शब्द पोचत नाही.

तिनं सासूला बाजूला सारलं, मोबाईलपुढं गेली आणि पाठमोरी झाली. हात मागं वळवून आपलीच पाठ थोपटू लागली. एकदा, दोनदा, जोरजोरात, बांगडी फुटेस्तोवर. पोर बुडतीय आणि आपण तिच्याकडं पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय, असं आयुष्यात तिच्यावर कधी आलं नव्हतं.

"फिरली का?" तिनं सुग्रीवला विचारलं.

ती वळली. पडद्यावरचं चित्र गोठलं होतं. मोहिनीचा चेहरा अर्धा वळलेला, नाक मुरडलेलं. मागं पाणी, पिवळी ट्यूब, आणि पोरीच्या जागी नुसते केस. मग तेही गेलं आणि पडदा काळा झाला.

सुग्रीव फोन लावत राहिला. फोनमधली बाई आपली तेच ते सांगत राहिली, संपर्काच्या बाहेर म्हणून. भारतचा लागेना, मोहिनीचा लागेना. पुढं दुकानात कुणीतरी हाका मारत होतं, त्याला शेवटी शेजारच्यानं परत पाठवलं.

"तुला म्हणलं हुतं बगू नको," बायनाबाई म्हणाल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. रागानं नव्हत्या म्हणाल्या. पण म्हणाल्या.

द्वारका सांडलेली तूर गोळा करत होती, एकेक दाणा चिमटीत धरून. ह्याच सुपात मागितलं होतं आपण, व्हऊ दे कायतरी म्हणून. झालं. आता ती दुसरं मागू लागली. तिचा चष्मा तिला राहू दे. बॅग राहू दे. गोवा दाव, नाच दाव, जगातली समदी जहाजं तिलाच दे. मला काय नगं. पोर तेवढी काढ.

दिवेलागणीला भारतचा फोन आला. नुसता आवाज. "दादा, आरोही बरी हाय. पाणी गेलतं पोटात, काढलं. डॉक्टरनं बघितलं. झोपलीय आता."

द्वारकानं सुग्रीवच्या हातातून फोन घेतला. "रडली का?"

"लई रडली, वैनी."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि फोन परत दिला. नंतर मोरीत जाऊन तिनं तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं.

ते परत आले त्या दिवशी दुकानात ही गर्दी. भारत काउंटरला टेकून सांगत होता आणि सांगता सांगता गोष्ट फुगत होती. सरबत देणाऱ्या एका माणसानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. मोहिनीची किंकाळी ऐकून तोच पहिला धावला. मग कंपनीच्या साहेबानं सगळ्या दुकानदारांसमोर त्याला हार घातला, आरोहीला त्याच्या कडेवर देऊन फोटो काढला. फोटो मोबाईलवर हातोहात फिरत होता.

"पण एवढ्या मोठ्या जहाजाला एक राखणदार ठेवता येत न्हाई?" खताच्या पोत्यावर बसलेला एक जण म्हणाला.

"पाटी होती की," भारत म्हणाला. "आईबापानंच बगायचं असतं. तिथला साहेब म्हणत होता, माणूस ठेवला की आईबाप आणखी गाफील होतात. आमचीच चूक."

"चूक तुमची हायेच बे," सुग्रीव म्हणाला. एरवी भावाला तो असा बोलत नसे. "पण टॉवेल द्यायला माणूस ठेवतेत, तवा माणूस आळशी व्हईल म्हणत न्हाईत. खुर्ची फिरवायला ठेवतेत. जीव वाचवायचं आलं की मग पाटी व्हय?"

"तसं न्हाई दादा, आता विहिरीवर कोण ठेवतंय माणूस?"

"आमच्याकडं ठेवतेत," आष्टीकडचा एक म्हातारा बियाणं न्यायला आला होता, तो म्हणाला. "पाटीला उडी मारता येत न्हाई, बाबा."

सगळे हसले, माना डोलावल्या. आत चहा गाळत द्वारका ऐकत होती, आणि हातातली गाळणी तशीच राहिली. पाटीला उडी मारता येत नाही. हे वाक्य खरं तर आपल्याला सुचायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं. आणि हार? पाण्यात उडी मारणाऱ्याला हार. मारली त्यानं, देव त्याचं भलं करो. पण बघितलं कुणी? भारतच्या गोष्टीत ते कुठंच नव्हतं. मोहिनीनं किंकाळी फोडली, इथूनच त्याची गोष्ट सुरू व्हायची. तिनं वळून का बघितलं, हे ना त्यानं सांगितलं, ना कुणी विचारलं.

द्वारकाच्या वाट्याला आलं होतं फ्रिजला चिकटवायचं एक इवलंसं जहाज. ते भारतनं दिलं होतं. मोहिनी आल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. नजर चुकवत होती, स्वयंपाकघरात द्वारका असली की बाहेर जात होती. समजलं, द्वारका मनाशी म्हणाली. सासूनं सांगितलं असणार हिला, हिच्या दिष्टीनंच झालं म्हणून. चार दिवसांपूर्वी जगातली सगळी जहाजं तिनं मोहिनीला देऊन टाकली होती. आता चहा गाळता गाळता ती एकेक करून परत घेऊ लागली.

दिवे लागल्यावर बायनाबाईंनी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या. आरोहीला पाटावर बसवलं. चुलीत आर फुललेला होता. भारत आणि सुग्रीव दुकान उरकून आत आले होते, मोहिनी पोरीच्या शेजारी उभी होती. द्वारका आपली आपणच मागं सरकली आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. दिष्ट काढताना जिच्यावर संशय तिनं समोर थांबू नये, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हातारीनं मूठ पोरीच्या डोक्यावरून उतरवायला घेतली. "आल्याची, गेल्याची, भुताची, खेताची..." आवाज बारीक झाला. द्वारकाकडं न बघता तिनं पुढं म्हटलं, "घरच्याची..."

मोहिनीनं तिचं मनगट धरलं. "थांबा आत्याबाई."

"अगं, मधी बोलू नये."

"थांबा म्हणते ना." ती उंबऱ्याकडं वळली. आल्यापासून पहिल्यांदाच तिनं सरळ द्वारकाच्या तोंडाकडं बघितलं. "अक्का, त्या दिवशी तुमी माझ्याकडं पाठ फिरवलीत."

द्वारकानं उंबऱ्याची चौकट धरली.

"मला आवाज येत नव्हता. नुसतं दिसत होतं. तुमी तणतणत आलात, आत्याबाईंना ढकललंत, आन् माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिलात. मला वाटलं, माझं सुख बघवंना तुमाला. मला लई राग आला. म्हणलं जा, मला बी पाठ फिरवता येती." तिचा आवाज चिरला. "म्हणून फिरले मी, अक्का. रागानं फिरले. तवा दिसली ही."

भारतनं मान वर करून बायकोकडं बघितलं. एवढं त्यालाही ठाऊक नव्हतं. चुलीत लाकूड तडकलं आणि आरोही पाटावर बसूनच एकेकाच्या तोंडाकडं बघू लागली.

"ती खूण होती," द्वारका म्हणाली. "विहिरीवरची. माघं बग म्हणून."

"कळलं मला नंतर. दादांनी सांगितलं."

एवढ्यावर थांबता आलं असतं. खूण होती म्हटलं की सगळं स्वच्छ झालं असतं, आणि हारही कदाचित मिळाला असता. पण चार दिवस घशात अडकलेलं काही गिळता येईना. "खूण व्हती," ती म्हणाली. "पण बघवत नव्हतं, ते बी खरं हाय. मी आरोहीला बगत नव्हते, मोहिनी. तुला बगत हुते. तुझी नखं, तुझी चप्पल. खोट काढायला बगत हुते."

"मला माहीत हाय," मोहिनी म्हणाली. "तिथं शंभर माणसं होती, अक्का. समदी खुशीत होती, मी बी होते. कुणीच कुणाकडं बगत नव्हतं." तिनं डोळे पुसले आणि सासूकडं वळली. "आत्याबाई, दारच्याची काढा, आल्यागेल्याची काढा. घरच्याची काढू नका. ती राहू द्या पोरीवर."

बायनाबाईंची मूठ तशीच वर राहिली. सत्तर वर्षांत तिनं शेकडो लेकरांची दिष्ट काढली होती, पण एखादी ठेवून दे असं कुणी सांगितलं नव्हतं. ती थोडा वेळ ओठ हलवत राहिली, शब्द जुळवत असल्यासारखी. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आल्याची, गेल्याची, भुताची, खेताची, आणि मधला शब्द गाळून एकदम दारच्याची म्हणत मूठ आरावर टाकली. मिरच्या तडतडल्या, ठसका उठला, आरोहीला शिंका आल्या.

द्वारका उंबऱ्यातच उभी होती. तिला कुणी आत जा म्हणालं नाही. ती आरोहीकडं बघत होती, आणि मधूनच मोहिनीच्या पायातल्या खड्यांच्या चपलेकडंही.